एमआरआयमध्ये नस दबलेली, एनसीव्ही मात्र नॉर्मल! मग ईएमजी कशाला?

प्रश्न:
कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून, नडगीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) गादी सरकून नसेवर आलीय. एनसीव्ही (नसेचा वेग मोजणारी चाचणी) केली, ती नॉर्मल. आता डॉक्टर ईएमजी (स्नायूत सुई घालून करायची चाचणी) करा म्हणतात. नस ठीक आहे तर ही टोचाटोची कशासाठी?

उत्तर १:
मी न्यूरो लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण हेच विचारतात. एनसीव्हीत आम्ही त्वचेवरून करंट देऊन पायातल्या नसेचा वेग आणि जोर मोजतो. गादी दाबते ती नसेच्या मुळाला, मणक्यापाशी. त्यात संवेदनेच्या पेशींचा गठ्ठा सहसा दाबाच्या जागेपलीकडे, पायाच्या बाजूला असतो. म्हणून पाय बधिर असला तरी संवेदनेचं (सेन्सरी) रीडिंग चक्क चांगलं येतं. ते बिघडलेलं आलं, तर उलट आम्हाला मधुमेहाची न्यूरोपॅथी किंवा गुडघ्याशी दबलेली नस आठवते.

ईएमजीची सुई स्नायूत जाते. पाय सैल सोडलेला असतानाही नसेशी संबंध तुटलेला स्नायू मशीनच्या स्पीकरवर पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा टपटपतो. पाऊल वर उचलणारा स्नायू आणि कुल्ल्याचा बाजूचा स्नायू, दोघांच्या नसा वेगळ्या पण मूळ एकच, एल५ (तुमच्या सरकलेल्या गादीखाली सहसा दबतं ते). दोन्हीकडे टपटप सापडली की बोट मुळाकडेच जातं. फक्त घाई नको, पायाच्या स्नायूत हे बदल दिसायला साधारण ३ आठवडे लागतात.

एच-रिफ्लेक्स (नसेला करंट देऊन पोटरीचा प्रतिसाद मोजणं) करा असंही कोणी सुचवेल, पण ती एस१ची, म्हणजे एल५च्या खालच्या मुळाची चाचणी. तुमची कळ अंगठ्यात उतरते, म्हणजे एल५.

उत्तर २:
माझी झालीय. सुई जाताना फारसं नाही, 'आता पाऊल वर ताणा' म्हणतात तेव्हा चमकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. पायाला क्रीम लावू नका, पाय गरम ठेवा. गार पायात वेग कमी येतो.

प्रश्नकर्ता:
आणि ईएमजीही नॉर्मल आली तर?

उत्तर १:
येऊ शकते. नुसते संवेदनेचे तंतू दबले असतील तर स्नायूत काही सापडत नाही. दुखणं खोटं ठरत नाही त्याने. एमआरआय, तपासणी आणि हे, तिन्ही मिळून डॉक्टर ठरवतात. निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही गाद्या सरकलेल्या दिसतात. पण पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर कुठल्याही रिपोर्टसाठी थांबू नका, लगेच इमर्जन्सीत जा.