झिप की सायक्वेस्ट? १९९६च्या तेजीत काय मोजायला हवं होतं?

नवीपेठ_सोलापूर
रविवारच्या अभ्यासगटात आयोमेगा आणि सायक्वेस्ट या अमेरिकी कंपन्यांची लढत घेतोय. दोघी कॉम्प्युटरला जोडायचे, डिस्क काढता-घालता येणारे ड्राइव्ह विकत; झिप हा आयोमेगाचा. सायक्वेस्टचा ईझेड१३५ जास्त वेगवान, डिस्क १३५ एमबीची. झिपची १०० एमबीची. तरी मे १९९६पर्यंत आयोमेगाच्या शेअरचा भाव आभाळाला टेकला. त्यामागे काही हिशेब होता, की नुसती हवा?

जॅकार्ड
हिशेब होता, आणि पक्का होता. सुरुवातीला झिप ड्राइव्ह १९९ डॉलरला, डिस्क साधारण २० डॉलरला. ड्राइव्हवर कमाई जेमतेम, खरा नफा डिस्कवर. आपल्याकडं चादरीचा माग एकदाच घेतात, सूत मात्र रोज लागतं, तसंच हे. तेव्हा वर्षभरात खपलेल्या डिस्कना वापरातल्या एकूण ड्राइव्हनी भागा. त्याच वर्षी विकलेल्या ड्राइव्हनी भागलंत तर आकडा फुगतो. ड्राइव्हसोबत फुकट दिलेल्या डिस्क आधी वजा करा. ड्राइव्हमागे ५ डिस्क म्हणजे १०० डॉलरची विक्री, २ म्हणजे ४०ची. सगळा भाव या एका आकड्यावर उभा होता.

लोक मात्र अमेरिकेच्या युटा राज्यातल्या रॉय गावी जाऊन आयोमेगाच्या कारखान्याबाहेरच्या गाड्या मोजत. त्यावरून उत्पादन कळतं, खप नाही. माल वितरकाकडं पडून असला तरी पार्किंग भरलेलंच दिसणार. विक्रीपेक्षा येणी (वितरकांकडून यायचे पैसे) आणि शिल्लक माल जोरात वाढतोय का, ते आधी बघा.

होटगी_रोड
वेगाचं कारण: ईझेडमध्ये हार्डडिस्कसारखी कडक तबकडी, झिपमध्ये फ्लॉपीसारखी लवचीक. सायक्वेस्टनं तोटा सोसून ड्राइव्ह विकले, पण डिस्कचा खप तो भरून काढण्याइतका झालाच नाही. नोव्हेंबर १९९८मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

झिपचा दोषही मांडा. हेड (डिस्क वाचणारा-लिहिणारा भाग) जागेवरून सरकलं की ड्राइव्ह टकटक वाजतो आणि डिस्कची कड फाटते. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की तिथलं हेडही जातं. टकटक ऐकू आली की डिस्क दुसरीकडं लावून बघायची नाही, एवढं नक्की. यावरून १९९८मध्ये ग्राहकांनी दावाही लावला.

नवीपेठ_सोलापूर
मग जिंकूनही आयोमेगा का उतरली?

जॅकार्ड
सगळे सायक्वेस्टकडं बघत बसले, मार कोऱ्या सीडीनं दिला. ६५० एमबी, भाव घसरत गेलेला, आणि वाचायला ड्राइव्ह जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरात आधीच बसलेला. गटात तक्ता कराल तेव्हा प्रति एमबी खर्चाच्या रकान्यात सीडीची ओळ नक्की घाला. झिपला एमबीमागे २० सेंट पडत होते.