मदत हवी आहे: मिरीचे वेल उन्हाळ्यात कसे जगवायचे?

मंडळी, गुहागरजवळ आमची पोफळीची छोटी बाग आहे. केरळातल्या कोट्टायमच्या मित्राचं ऐकून गेल्या पावसाळ्यात पोफळींवर पन्नियूर-१ जातीच्या मिरीचे वेल चढवले. पाऊस तिकडेही साधारण ३००० मिलिमीटर, इकडेही तेवढाच, म्हटलं जमेल. पण तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस येतो, एप्रिल-मेमध्येही सरी पडतात. आमचा जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि जांभ्या दगडातून पाझरून समुद्राला मिळतो! मार्चपासून विहीर तळाला, निम्मे वेल पिवळे. पोफळींचं शिंपणं कमी करणं परवडणार नाही. ठिबक लावलं तर वेलाला दिवसाआड किती लिटर लागेल? की पाचोळ्याचं आच्छादन पुरेल? दापोली-वेंगुर्ल्याकडे कुणी मिरी जगवली असेल तर कृपया सांगा.