शब्दचर्चा: डोलकाठीच्या या दांड्याला म्हणायचं काय?

वाळूजवाला:
वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, बाकी हातकाम. मागच्या महिन्यात मुंबईच्या भाच्याचं एक काम केलं आणि चलन लिहिताना पेन अडलं. त्याच्याकडे जुनी कॅटामरान आहे, म्हणजे दोन अरुंद पोटांची, मधे कापड ताणलेली शिडाची होडी. तिच्या डोलकाठीला लावायचा 'मास्ट रोटेशन बार' करून दिला. चलनावर मी लिहिलं, "डोलकाठी फिरवायचा दांडा, १ नग". आमचा फिटर वाचून म्हणतो, "शेठ, काठीवर दळण दळायचं हाय का?"

वस्तू सांगतो, मग शब्द सुचवा. ही काठी गोल नसते. आडवी कापली तर थेंबाच्या आकाराची दिसेल, पुढे गोल, मागे निमुळती. मागच्या खाचेत शिडाची कड सरकवतात. बुडाशी ती अशी टेकवलेली असते की उभ्या उभ्या स्वतःभोवती वळू शकते. गोल नाक वाऱ्याकडे वळलं की वारा काठीवरून घसरत नीट शिडाच्या पाठीवरून जातो. नाही वळलं तर काठीच्या आडोशाला भोवरे होतात आणि शिडाचा पुढचा पट्टा वाया जातो. बार म्हणजे काठीच्या बुडाजवळ, बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेला असतो त्या आडव्या दांड्याच्या) खाली, पक्का केलेला आणि मागे निघालेला हातभर दांडा. टोकाला दोरी, दोरी चापात.

मी पोहायला शिकलो पैठणला गोदावरीत. शीड इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं, तेव्हा चुकलं तर सांगा.

दापोलीहून:
दादा, कोकणात शब्द मिळेल म्हणून आला असाल तर निराशा होईल. आमच्या मचव्याची काठी पक्की रोवलेली असते. वळतं ते परबाण, म्हणजे काठीवर तिरकं टांगलेलं लांब लाकूड, ज्याला शीड बांधतात. काठीच वळायची नाही, तर ती धरून ठेवायचा दांडा कुठून येणार? वस्तू नाही म्हणून शब्द नाही. सुकाणू, दामण, उलांडी हे सगळं देते हवं तर, पण हे नाही.

परभणीची लेक:
आधी 'फिरवायचा' काढा. फिरतं ते चाक, जातं, भिंगरी, गरागरा पुरा वेढा घेणारं. ही काठी थोडी इकडं, थोडी तिकडं. ते वळणं. मान वळते. मान फिरली म्हणलं तर भांडण झालं असं वाटतं, आणि डोकं फिरलं तर विचारूच नका. तुमच्या फिटरला दळण आठवलं ते त्या 'फिरवायच्या'मुळंच. दांड्यानं फिरवायचं म्हणलं की आपल्याकडं जात्याचा खुंटाच डोळ्यापुढं येतो.

म्हणून माझ्याकडून 'वळणदांडा'.

लातूरचा पाहुणा:
ताई, वळणदांडा म्हणजे लेकरांना वळण लावायचा दांडा! आमच्या शाळेत व्हता एक, शिसवीचा.

वाळूजवाला:
😄 हा मुद्दा मान्य करावा लागतो. भाच्याला इथं बोलावलंय, तो सांगेल काम कसं चालतं ते. एक राहिलंच, काही जण या दांड्याला स्पॅनर पण म्हणतात म्हणे. माझ्या भिंतीवर स्पॅनर, म्हणजे पाने, चाळीसेक टांगलेत. 'पाना' चलनावर लिहिला तर गिऱ्हाईक चौदा-पंधराचा पाना समजून भाव पाडेल.

भाचा, मुंबई:
नमस्कार. मामा, भोक पाडताना काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, मी लिहितो. बार घेऊन तुम्ही आलात, आपण काठी दोन घोड्यांवर आडवी ठेवली आणि मी घाईघाईनं ड्रिल लावलं. शीड वर चढवायची दोरी माझ्या काठीत आतून जाते. ती आधी काढायची मला आठवणच राहिली नाही. बिट आत गेलं आणि बाहेर आलं ते पांढऱ्या धाग्यांचं बोंडुक घेऊन. नवी दोरी घ्यावी लागली. चूक सर्वस्वी माझी.

बाकी बसवणं अवघड नाही, पण घाईचंही नाही. रिव्हेट मारण्याआधी बार चिकटपट्टीनं काठीला धरून ठेवायचा, काठी उभी करायची, बूम दोन्ही बाजूंना पूर्ण नेऊन बघायची. बार बूमला किंवा शीड खाली ताणायच्या दोरीला कुठं अडतोय का? आमचा अडत होता. दोन बोटं खाली घेतला. काठी ॲल्युमिनियमची आणि रिव्हेट स्टेनलेसचे, म्हणून मधे गंज रोखणारी पेस्ट भरपूर लावली. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना नुसते टेकले तरी बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. भोकाभोवती पांढरी पूड दिसायला लागली की समजायचं. टोकं मामांनी कानशीनं घासून गोल केली होती हे बरं झालं, कारण होडी दुसऱ्या अंगावर घेताना माझी नडगी दर खेपेला तिथंच जाते.

आता शब्दाबद्दल. परभणीच्या ताईंचं 'वळणं' बरोबर आहे, पण काठीला बार वळवत नाही. वळवतो शिडाचा आणि बूमचा दाब. बारचं काम म्हणजे किती वळायचं ते ठरवणं आणि तिथं धरून ठेवणं. वाऱ्याकडे तिरकं चढत जाताना बारचं टोक साधारण बाजूच्या ताणतारेकडे, म्हणजे काठीला बाजूनं ताणून उभी धरणाऱ्या तारेकडे, बघेल इतपत ठेवतो. वारा पाठीशी आला की दोरी सैल सोडतो आणि काठी उभ्या उभ्या जवळजवळ काटकोनात वळू देतो.

परभणीची लेक:
मग अख्खी चर्चाच उलटी झाली की! आपण वळवणाऱ्याला नाव शोधत होतो, आणि हा तर आवरणारा निघाला. मग आडकाठी का नको? शब्द तयार आहे, काठीही त्यातच आहे.

दापोलीहून:
आडकाठी ऐकायला छान आहे. पण "काल होडीला आडकाठी बसवली" म्हटलं तर कुणीतरी होडी चालू देत नाहीये असंच वाटेल. लाक्षणिक अर्थानं मूळ अर्थ गिळलाय त्या शब्दाचा. आज कुणी खरी आडवी काठी दाखवून आडकाठी म्हणतं का?

लातूरचा पाहुणा:
धरतो, पण ढकलत नाही. ताकद दुसऱ्याची, अंदाज आपला. आवं, मग हे तर रुमणं झालं! नांगर वढतेत बैलं. नांगऱ्या मागून रुमण्यावर हात ठेवून चालतो, जरा दाबलं, जरा कलवलं, की तास सरळ. तिफणीलाबी तेच. आता ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या आळीत रुमणं फक्त माळ्यावर दिसतं, पण शब्द अजून जित्ता हाय. आन् ती टोकाची दोरी म्हणजे कासरा, दुसरं काय?

परभणीची लेक:
कासरा! हा मात्र मी आत्ताच वहीत लिहिला.

दापोलीहून:
शेतातला शब्द होडीवर चालेल का, अशी शंका येत होती. पण नांगर आधीच दोन्हीकडे आहे की. शेतात नांगर, समुद्रात नांगर. नांगर चालतो तर त्याचं रुमणं का नको?

अंबाजोगाईचे गुरुजी:
एक खोडा घालतो, राग नसावा. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आलेला आहे. होडीचा नांगर फारसी 'लंगर'वरून. दोन वेगवेगळ्या घरचे शब्द मराठीत येऊन एकाच चेहऱ्याचे झाले. तेव्हा नांगर शेतातून उठून समुद्रात गेला, असं इतिहास म्हणत नाही. तुमचं सुकाणूही अरबीतून आलेलं. दर्यावरची आपली बरीचशी शिदोरी बाहेरून आलेली आहे, त्यात कमीपणा काही नाही.

मात्र बोलणाऱ्याच्या कानाला व्युत्पत्ती ऐकू येत नसते. नांगर म्हटलं की त्याला एकच शब्द ऐकू येतो, आणि त्या आधारानं तो रुमणं होडीवर नेत असेल तर मी अडवणारा कोण? गंमत अशी की होडीच्या ज्या पोटांना इंग्रजीत हल म्हणतात, तो उच्चार संस्कृत जाणणाऱ्याला नांगरासारखाच लागतो. बलराम हलधर होता तो त्याच अर्थानं. दोन हलांच्या होडीला एक रुमणं, चालायला हरकत नाही.

वाळूजवाला:
गुरुजी, 'कॅटामरान'चंही सांगा ना.

अंबाजोगाईचे गुरुजी:
तो तमिळ शब्द आहे, कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड किंवा झाड. मूळ वस्तू म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. दोन पोटांच्या होडीला ते नाव इंग्रजीत नंतर चिकटलं. जायकवाडीवर थर्माकोलच्या लाद्या बांधून त्यावर बसून जाळं टाकायला जातात, ते पाहिलं असेल. शब्दाच्या अर्थानं बघाल तर भाच्याच्या होडीपेक्षा तीच जास्त कट्टुमरम.

भाचा, मुंबई:
गुरुजी, हे मी होडीवर सगळ्यांना सांगणार. आणि रुमणं मला पटलं. काल "बार सोड" म्हणून ओरडलो तर माझ्या जोडीदाराला वाऱ्यात "पार सोड" ऐकू आलं आणि त्यानं हातातली मोठी दोरीच सोडून दिली. रुमण्याची अशी गल्लत व्हायची नाही.

वाळूजवाला:
भाच्याच्या मित्राला तसाच एक पाहिजे, शिवाय एक जादा. कालच चलन केलं. फिटरला सांगितलं, लिही रुमणं. त्यानं लिहिलं "रुमणं, २ नग", वर विचारलं, "शेठ, फाळ पण करायचा का?" गुरुजी, एक शंका. दोन असले तर लिहायचं काय?

अंबाजोगाईचे गुरुजी:
रुमणी. नाणं, नाणी, तसंच. 'रुमण्याला', 'रुमण्याचा', पुस्तकी लिहायचं तर 'रुमणे'. चलनावर तुमचं 'रुमणं' बरोबर आहे.