चालताना पोटरी दुखणं आणि घोट्याचा रक्तदाब

म्हापशाच्या ताईंनी वर लिहिलंय की बाजारात फिरताना वडिलांची पोटरी भरून येते, थोडं थांबलं की बरी होते, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणतात. ताई, कृपा करून हे वयावर ढकलू नका. चालल्यावर दुखणं आणि उभं राहिल्यावर थांबणं ही पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. माझ्या बाबांना पणजीत आल्तिनोची चढण चढताना हेच व्हायचं. आम्ही दोन वर्षं बाम चोळत राहिलो, त्याची हळहळ अजून जात नाही.

तपासणी साधी आहे. आडवं झोपवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब घेतात. घोट्यापाशी जेल लावून छोटा डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) टेकवतात, फुगवलेला पट्टा सैल करत गेलं की ‘हुश्श-हुश्श’ आवाज परत सुरू होतो, तो आकडा. त्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. भागाकार १.०० ते १.४० ठीक, ०.९० किंवा कमी आला तर धमनीत अडथळा धरतात.

‘१.५ आला म्हणजे उत्तमच’ असं वर कुणीतरी म्हटलंय, ते मात्र मला मान्य नाही. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती दबतच नाही आणि आकडा फसवा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या. बाबांचं निदान तिथेच झालं.

आणि हृदयाचीही तपासणी करा. पायात अडथळा असणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो. वडील तंबाखू किंवा विडी ओढत असतील तर ती आजच बंद करायला लावा, आणि रोज रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या उजेडात बघा, कुठे जखम नाही ना.