मदत हवी आहे: फ्लॅट घेणाऱ्यांसाठी ब्लॉग कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीकृत एजंट आहे. काम मुख्यतः इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात. मला मराठीत ब्लॉग सुरू करायचा आहे, पण नुसत्या 'टू बीएचके उपलब्ध' छापाच्या जाहिराती नकोत. लोकांना खरोखर उपयोगी पडेल असं लिहायचंय.

साइटवर रोज तेच प्रश्न येतात. परवा एक काकू ब्रोशरवरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढी जागा तर दिसत नाही हो इथे!" तो आकडा सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरून काढलेला होता. रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेत, आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तसंच करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. माझ्या मते सुरुवात अशाच विषयांनी व्हावी.

अडतंय ते इथे: सातबारा, एनए (जमिनीची बिगरशेती परवानगी), इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) हे सोप्या भाषेत मांडायला गेलं की लेख लांबतो. एका लेखात एकच प्रश्न घ्यावा का? लोक गुगलवर मराठीत शोधतात की इंग्रजी अक्षरांत, आणि मथळा त्याप्रमाणे कसा द्यावा? शिवाय एखाद्या प्रकल्पाचं नाव घेऊन लिहिलं तर ती जाहिरात ठरते का? मग त्या प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक टाकावाच लागेल ना?

कुणी या क्षेत्रात नियमित लिहीत असेल तर कृपया अनुभव सांगा. माझा पहिला कच्चा लेख तयार आहे, वाचून स्पष्ट मत देणारं कुणी मिळालं तर फार बरं होईल.