ससे, उंदीर आणि बारा एकरांची बाग: रायफल कोणती घ्यावी आणि कुत्रा कसा शिकवावा?

प्रश्न (हेरफर्डशर, इंग्लंड)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही हेरफर्डशरमध्ये बारा एकर जमीन घेतली. त्यातील चार एकरांवर सायडरच्या सफरचंदांची नवी लागवड आहे, उरलेल्या कुरणात शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या चरतात आणि घरामागे पंचवीस कोंबड्यांचे खुराडे आहे. गेल्या हिवाळ्यात सशांनी कोवळ्या खोडांची साल वीत-दीड वीत उंचीपर्यंत अशी सोलून काढली की चाळीसहून अधिक झाडे उन्हाळ्यापर्यंत वाळून गेली. खुराड्याखाली उंदरांनी बिळे केली आहेत आणि एका रात्री कोल्हाही येऊन गेला.

बंदुकीचा माझा अनुभव म्हणजे महाविद्यालयात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफलने २५ यार्डांवर झाडलेल्या गोळ्या, एवढाच. कोकणात आजोळी रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, पण मामांनी ती आम्हा मुलांच्या हाती कधी दिली नाही. ससे, उंदीर आणि कोल्हा या तिन्हींसाठी एकच रायफल पुरेल का, आणि पुरणार असेल तर ती कोणती? दुसरे असे की वसंतात आम्ही बॉर्डर टेरिअरचे पिल्लू आणणार आहोत. त्याने उंदीर मारावेत, गोळी लागलेला ससा शोधावा आणि मेंढ्यांकडे ढुंकूनही पाहू नये, यासाठी त्याला कसे शिकवावे?

उत्तर १ (मध्य वेल्स, मेंढ्यांचा व्यवसाय)

नमस्कार. तिन्हींसाठी एकच रायफल पुरणार नाही, आणि तसा आग्रह धरल्यास अर्जातही अडचण येईल. १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे पोलीस जे प्रमाणपत्र देतात, त्यावर प्रत्येक रायफलीचे स्वतंत्र सबळ कारण दाखवावे लागते आणि तिची व काडतुसांच्या संख्येची नोंद होते. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते. तुमच्या चारित्र्याची ग्वाही देणारे दोन ओळखीचे लोक, डॉक्टरांचा दाखला, घरी येऊन होणारी चौकशी आणि भिंतीला बोल्टांनी जखडलेले पोलादी कपाट, एवढी तयारी ठेवा. कपाटाची किल्ली कोठे आहे हे घरातील दुसऱ्या कोणालाही, अगदी पत्नीलाही, ठाऊक असता कामा नये. नवख्या माणसाला बहुधा पोलिसांनी पाहून मान्य केलेल्या जमिनीपुरतीच परवानगी मिळते, त्यामुळे आपल्या बारा एकरांचा उतार कोणत्या दिशेला आहे, पायवाटा कोठून जातात आणि गोळी चुकली तर ती कशात रुतेल, हे नकाशावर मांडून ठेवा. माझ्या मते रायफल निवडण्याआधी करण्याचे काम हेच आहे, कारण तुमच्या जमिनीला कोणती रायफल चालेल हे त्या नकाशावरूनच ठरते.

सशांसाठी पॉइंट २२ आणि पॉइंट १७ एचएमआर (हे आकडे नळीच्या व्यासाचे, इंचांत) असे दोन पर्याय आहेत. पॉइंट २२ मध्ये ४० ग्रेन वजनाची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे लहान माप), ध्वनीपेक्षा कमी वेगाची गोळी वापरली आणि नळीला सायलेन्सर लावला, तर एक ससा पडल्यावरही शेजारचे ससे पुष्कळदा जागचे हलत नाहीत. मात्र तिचा पल्ला साठ-सत्तर यार्डांचाच धरावा, आणि तिचा मोठा दोष म्हणजे ती दगडावरून, ओल्या किंवा गोठलेल्या जमिनीवरून उसळून भलतीकडे जाते. पॉइंट १७ ची १७ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २५०० फूट वेगाने निघते, दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते आणि आदळताच फुटत असल्यामुळे उसळण्याचा धोका बराच कमी असतो. पण वाऱ्याने ती सहज ढळते, तिचा आवाज मोठा असतो आणि काडतुसे महाग पडतात. तुमची बाग घराजवळ आहे आणि झाडांच्या ओळींमधील अंतरे लहान आहेत असे मी गृहीत धरतो. तसे असेल तर मी पॉइंट २२ घेईन, आणि जेथे मागे मातीचा चढ नाही तेथे ती वापरणारच नाही. नेम पन्नास यार्डांवर बसवून घ्या आणि ससा जागीच मरेल अशी खात्री असली तरच चाप ओढा. जखमी ससा बिळात जाऊन तडफडत मरतो, आणि ते पाप आपल्या अधीरतेचे असते.

कोल्ह्यासाठी लोक पॉइंट २२३ सारखी मोठी रायफल घेतात. पंचवीस कोंबड्यांसाठी मी तो विचारही करणार नाही. खुराड्याचे दार तिन्हीसांजेला न चुकता बंद होईल अशी व्यवस्था करा. उंदरांसाठी रायफल मुळीच नको. १२ फूट-पाउंडांच्या (छर्र्याच्या ऊर्जेचे माप) आतील एअर रायफलीला, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छर्र्याच्या बंदुकीला, इंग्लंडमध्ये प्रमाणपत्र लागत नाही (स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून लागते) आणि खुराड्यापाशी वीस-पंचवीस यार्डांवर तिच्याने काम भागते.

उत्तर २ (यॉर्कशर, पशुवैद्य)

रायफलीविषयी वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. कुत्र्याविषयी मात्र आपल्या मनात एक गफलत दिसते, ती आधी दूर करते. रायफल आणि टेरिअर ही एकाच वेळी वापरायची साधने नाहीत. उंदीर धरताना टेरिअर इतक्या वेगाने दिशा बदलतो की त्या वेळी आसपास कोणाच्याही हाती बंदूक असू नये. आणि तुम्ही सशावर नेम धरून पडलेले असाल तेव्हा कुत्रा तुमच्या मागे, पट्ट्याने खुंटीला बांधलेला आणि गप्प असावा. म्हणून त्याच्या शिक्षणात शिकारीपेक्षा थांबणे अधिक महत्त्वाचे आहे. उंदीर मारणे टेरिअरला शिकवावे लागत नाही.

पिल्लू आठ आठवड्यांचे घरी आले की पहिले चार महिने आज्ञा म्हणून फक्त नाव, बोलावल्यावर येणे आणि शिट्टी, एवढेच घ्या. एक लांब शीळ म्हणजे जागीच बस, तुटक शिळा म्हणजे परत ये. शिट्टीचा सूर कायम एकच ठेवा. स्पॅनिएल जातीचे शिकारी कुत्रे पाळणारे बहुधा अ‍ॅक्मे कंपनीची २१०.५ क्रमांकाची वापरतात, तुम्हीही तीच घेतलीत तर हरवल्यावर तशीच दुसरी मिळते. मेंढ्यांची ओळख पहिल्या आठवड्यापासून करून द्या. लांब दोरीवर बांधून कुंपणाबाहेरून चालवा, त्याने मेंढीकडून नजर वळवून तुमच्याकडे पाहिले की त्याच क्षणी खाऊ द्या, आणि तो टक लावून ताठ उभा राहू लागला तर न रागावता अंतर वाढवा. हे आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षभर करावे लागते. कोंबड्यांच्या बाबतीतही हेच करा.

गोळीचा आवाज सहा महिन्यांच्या आत ऐकवूच नका. नंतर कोणी तरी शंभर-दीडशे यार्डांवर बार काढावा आणि त्याच वेळी पिल्लू जेवत किंवा खेळत असावे. त्याने कानही टवकारला नाही तरच पुढच्या आठवड्यात अंतर कमी करा. आवाजाला एकदा घाबरलेला कुत्रा पूर्ववत होण्याची खात्री देता येत नाही, आणि असे कुत्रे माझ्याकडे दर हिवाळ्यात येतात.

आता माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत कळकळीचे सांगते. खुराड्याखाली उंदरांचे विष ठेवले असेल, तर तेथे टेरिअर नेऊ नका. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, सहज सापडतो, आणि कुत्र्याने तो खाल्ला की तेच विष कुत्र्यात उतरते; लक्षणे काही दिवसांनी दिसतात आणि व्हिटॅमिन के-१ चा उपचार कित्येक आठवडे चालतो. विष किंवा कुत्रा, यांतील एकच निवडा. कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाची) लस दरवर्षी टोचून घ्या, आणि मेलेले उंदीर उचलताना स्वतःही हातमोजे घाला, कारण हा रोग माणसालाही होतो.

उत्तर ३ (डेव्हन)

दोन गोष्टी जोडतो. २००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टने कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार बंद झाली, परंतु स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या जमिनीवर उंदीर व ससे यांना त्यातून सूट आहे. कोल्ह्याच्या बिळात टेरिअर सोडण्याची सूट मात्र शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरती, कडक अटींवर आहे. कोंबड्यांचे कारण तेथे चालत नाही. तुमच्या हद्दीत बिजूची (बॅजरची) बिळे असतील तर तिकडे कुत्रा फिरकूच देऊ नका, कारण १९९२ च्या कायद्याप्रमाणे त्या बिळात कुत्रा शिरवणे हा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट कुंपणाची. ३१ मिलिमीटर छिद्रांची जाळी जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर आणि तळाशी १५ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली दाबली, तर ससे शक्यतो आत येत नाहीत. चार एकरांना खर्च होतो, पण १९५४ च्या पेस्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे सशांचा बंदोबस्त ही येथे जमीन कसणाऱ्याचीच जबाबदारी आहे. जाळी बसली की आत राहिलेले ससे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात संपवा. मादी महिनाभराने विते आणि लगेच पुन्हा गाभण राहते, त्यामुळे हिवाळ्यात राहून गेलेली एक जोडी उन्हाळ्यात भारी पडते. त्या दिवसांत गवत आखूड असते, बिळांची तोंडे दिसतात, आणि फेरेट (बिळात शिरून ससे बाहेर हाकणारा, मुंगसासारखा पाळीव प्राणी) सोडून तोंडांवर जाळ्या लावल्या तर गोळीचीही गरज पडत नाही.

कुत्रा सशांसाठीच हवा असता तर मी लर्चर (ग्रेहाउंडसारख्या वेगवान कुत्र्याचा संकर) सुचवला असता. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याशी त्याची चण आणि धाव इतकी मिळते की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सोलापूरकडचे धनगरवाडे आठवले. पण शेजाऱ्याच्या मेंढ्या कुरणात असताना नजरेने शिकार करणारा कुत्रा पहिल्या वर्षी बाळगणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. खुराड्याखाली विषाच्या दोन पेट्या खरोखरच ठेवलेल्या आहेत, त्या पिल्लू येण्याआधी काढतो. जमीन काल पायी फिरून पाहिली. बागेच्या उत्तरेला मातीचा चांगला चढ आहे, परंतु दक्षिणेकडे उतार असून खाली सार्वजनिक पायवाट जाते. सकाळचे ससे मात्र दक्षिणेलाच जास्त असतात. तेथे पॉइंट १७ चालेल का?

उत्तर १

नाही. उतारावर उभे राहून खाली पायवाटेच्या दिशेने कोणतीच रायफल चालवू नका; गोळी फुटते हा भरवसा पहिल्या आघातापुरता असतो, आणि हुकलेली गोळी मैलभराहूनही पुढे जाऊ शकते. दक्षिणेला जाळी आणि फेरेट वापरा, रायफल उत्तरेच्या चढापुरती ठेवा आणि अर्जातही तसेच लिहा.

मेंढ्यांविषयी एक स्वतःचे सांगतो. माझा पहिला टेरिअर दीड वर्षाचा होईपर्यंत मेंढ्यांकडे पाहत नसे, म्हणून मी दोरी लवकर सोडली. मार्चमध्ये शेजाऱ्याच्या गाभण मेंढ्या अचानक धावल्या आणि तो त्यांच्या मागे लागला. त्याने एकीलाही दात लावला नाही, तरी दोन मेंढ्या गाभडल्या. नुकसानभरपाई मी दिली. शेजाऱ्याने कुत्र्यावर बंदूक रोखली नाही हा त्याचा चांगुलपणा. तुमच्या पिल्लाची दोरी मेंढ्या विण्याचा पहिला पूर्ण हंगाम संपेपर्यंत सोडू नका, आणि ते आणण्याआधी मेंढ्यांच्या मालकाला भेटून तसे सांगा.