अनुभव धागा : चिमणीचा पाइप छपरातून बाहेर पडतो तिथली गळती, तुम्ही काय केलंत?

घोडबंदरकर (धागा काढणारा) :
आपल्याकडे मुंबई-ठाण्यात मान्सूनची ठरलेली तारीख ११ जून, म्हणजे गच्ची कोरडी असताना काम करून घ्यायचं तर मे संपेपर्यंतच वेळ, म्हणून आत्ताच धागा काढतोय. गळती हा विषय खूप मोठा आहे, इथे फक्त एका जागेबद्दल लिहूया : छपराला किंवा स्लॅबला भोक पाडून जे काही वर निघतं त्याच्याभोवतीची जागा. किचन चिमणीचा डक्ट म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप असेल, जुन्या घराचं धुराडं असेल, सोलरचे पाइप असतील, सगळं चालेल. ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी आवर्जून लिहा, कारण आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा येतो, पुण्याचे उपाय इथे पुरत नाहीत.

आमचं सांगतो. टॉप फ्लोअरचा फ्लॅट, आधीच्या मालकांनी चिमणीचा सहा इंची डक्ट खिडकीतून न काढता स्लॅबला कोअर कटिंग करून म्हणजे मशीनने गोल भोक पाडून सरळ गच्चीवर काढलेला. पाऊस धरला की डक्टभोवती सीलिंगला गोल ओला डाग, मग पोपडे. दरवर्षी कोणीतरी यायचं, फटीत सिमेंट भरायचं, वरून सिलिकॉन फिरवायचं, पैसे घ्यायचं आणि पुढच्या आषाढात डाग परत हजर. शेवटी एक वयस्कर मिस्त्री भेटले, त्यांनी कारण नीट सांगितलं. सिमेंट सुकताना आकसतं. डक्ट पत्र्याचा, तो उन्हात पटकन तापून वाढतो, पावसाची सर आली की गार पडून आकसतो, आणि स्लॅब मात्र सावकाश तापतो सावकाश निवतो, त्यामुळे दोघांच्या मधे केसाएवढी फट पडणारच, ती तुम्ही कितीही बुजवा. तेव्हा फट बुजवत बसण्यापेक्षा पाणी फटीपर्यंत जाऊच द्यायचं नाही.

त्यांनी डक्टभोवतीचा कोबा म्हणजे गच्चीवरचा विटा-सिमेंटचा थर खालच्या स्लॅबपर्यंत फोडला, भोकात एक मोठ्या मापाची स्लीव्ह म्हणजे बाहेरची नळी उभी केली, तिच्या भोवती नॉन-श्रिंक म्हणजे सुकताना न आकसणारं ग्राउट भरलं, साधं सिमेंट नाही. मग स्लीव्हभोवती विटांचा छोटा चौकोनी कठडा वीतभर उंच बांधला, कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात वाटा म्हणजे सिमेंटची गोलाई काढली, आणि वॉटरप्रूफिंगचा थर फायबरच्या जाळीसकट गच्चीवरून कठड्याच्या माथ्यापर्यंत चढवला. डक्ट स्लीव्हमधून मोकळा वर आणला आणि डक्टला क्लॅम्पने पत्र्याची झालर आवळली, ती झालर कठड्याच्या बाहेर उतरते, कुठेही चिकटवलेली नाही, डक्ट हवा तेवढा हलू दे पाणी आत जात नाही. झालर आणि डक्ट जिथे मिळतात तिथे तेवढं पीयू सीलंट (रबरासारखं लवचिक राहणारं) लावलं, आणि तोंडाला काउल म्हणजे पाऊस अडवणारी टोपी. नंतर भोवती विटांचा बांध घालून दोन दिवस पाणी साठवून बघितलं, खाली ओल नाही. त्यानंतर मोठमोठे पाऊस झाले, सीलिंग कोरडं आहे. एवढं सविस्तर लिहिलं कारण तेव्हा मला हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

चरईतली माहेरवाशीण :
वाचून आमचं चरईतलं जुनं कौलारू घर आठवलं, आता तिथे बिल्डिंग झालीय. मागच्या पडवीत न्हाणीघराचा बंब होता आणि त्याचं विटांचं धुराडं पाखीतून म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूतून वर गेलेलं. वैशाखात शाकारणीला म्हणजे कौलं नीट करायला माणसं आली की बाबा आधी त्यांना धुराड्यापाशी चढवायचे, बाकीची कौलं नंतर. कारण धुराड्याच्या वरच्या बाजूला म्हणजे आढ्याकडच्या अंगाला पाखीवरून येणारं पाणी अडतं, तिथेच आंब्याची पानं, काड्या, मांजरांनी सरकवलेल्या कौलाचे तुकडे सगळं साचतं, आणि पाणी तुंबलं की ते कौलांच्या खालून आत येतं. त्या जागी जस्ताचा पत्रा वाकवून बसवलेला असायचा, त्याची वरची कड कौलांच्या खाली आणि खालची कड कौलांच्या वर, हे उलटं झालं की संपलं, मग रिपा आणि वासे कुजतात आणि खालून कळतही नाही. एका वर्षी नवीन माणसाने पत्रा उलटा सारला होता, बाबांनी शिडीवर उभं राहून तो परत काढायला लावला. शाकारणी करणारी जाणती माणसं आता ठाण्यात शोधून मिळत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

सध्या लेकीकडे :
माहेरवाशीण, तुमच्या बाबांनी जे केलं तेच इथे अमेरिकेत करतात! मी मूळची नौपाड्यातली, सध्या न्यू जर्सीला लेकीकडे आहे, तिच्या घराला फायरप्लेसची विटांची चिमणी आहे आणि गेल्या हिवाळ्यात बर्फ वितळल्यावर बाजूच्या भिंतीला ओल आली. रूफर आला तेव्हा मी मुद्दाम बाहेर उभी राहून बघत होते. त्याला इथे फ्लॅशिंग म्हणतात. चिमणीच्या बाजूंना पत्र्याचे काटकोनात वाकवलेले छोटे छोटे तुकडे असतात, शिंगल्सच्या म्हणजे छपरावरच्या चपट्या तुकड्यांच्या प्रत्येक रांगेबरोबर एक तुकडा, वरचा तुकडा खालच्यावर चढलेला, अखंड पट्टी लावत नाहीत. आणि त्यांच्यावरून दुसरा पत्रा येतो, त्याची वरची कड विटांमधल्या सांध्यात खाच पाडून आत खोचलेली असते म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी मागे शिरत नाही. लेकीच्या घरी आधीच्या कोणीतरी खाच न पाडता नुसतं डांबर थापलं होतं, ते तडकलं होतं. चिमणी रुंदीला तीस इंचांपेक्षा जास्त असेल तर तिच्या वरच्या अंगाला छोटंसं दुपाखी छप्पर बांधावं असा इथल्या बांधकामाच्या कोडमध्ये नियमच आहे, पाणी आणि बर्फ दोन्हीकडे वळतं, मधे साचत नाही. चिमणीच्या माथ्यावर काँक्रीटची टोपी असते तिला तडा गेला तर पाणी विटांमधूनच झिरपतं, तेही बघून घ्यायचं.

साइटवाला :
मी सिव्हिल साइटवर सुपरवायझर आहे, एवढंच सांगतो की काम काढायच्या आधी ते पाणी पावसाचंच आहे का ते बघा. पाऊस नसताना, फक्त स्वयंपाक चालू असताना डक्टमधून पिवळट तेलकट थेंब पडत असतील तर ती वाफ आहे, गार डक्टला लागून तिचं पाणी होतं, गच्ची फोडून काही उपयोग नाही, डक्ट साफ करा, लांबी आणि वळणं कमी करा. पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास टिपकत राहिलं आणि डागाच्या कडेला पांढरा लोणा म्हणजे क्षार दिसला तर ते स्लॅबमधून येतंय. डाग जिथे दिसतो तिथेच वर भोक असेल असं नाही, पाणी कोब्याच्या खालून दूरवर फिरून येतं. पाण्याचा पाइप लावून गळती शोधायची तर खालून वर जा, आधी नुसती गच्ची भिजवा, थांबा, मग कठडा, थांबा, मग झालर, आणि सगळ्यात शेवटी काउल. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. आणि प्लीज सीलिंगला आधी पीओपी आणि रंग लावून डाग झाकू नका, आत सळई गंजायला लागली की गंज फुगतो आणि काँक्रीटचा टवका सुटून खाली येतो, माणसाच्या डोक्यात पडू शकतो.

कोपरखैरणे रो हाऊस :
आमची गच्ची पत्र्याची शेड टाकून झाकलेली आहे आणि डक्ट पत्र्यातून वर जातो. दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, पन्हळीत नाही, पन्हळीतून सगळ्या शेडचं पाणी वाहत असतं. स्क्रूचंही तेच, आणि प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर हवाच, तो उन्हाने कडक होतो तेव्हा दर उन्हाळ्यात बघायचा. पाइपला रबराचा बूट मिळतो, खालचा भाग पत्र्याच्या आकारात दाबून बसतो, तो छान चाललाय.

शेजारच्या इमारतीत खाली एक हॉटेल आहे, त्यांच्या एक्झॉस्टचा मोठा पाइप भिंतीवरून वर गेलाय. मोटरने तो दिवसभर थरथरतो आणि क्लॅम्पच्या जागी भिंतीला भेगा पडल्या होत्या, शिवाय त्याचं तेल गच्चीवरच्या डांबरी शीटवर पडून शीट मऊ झाली. शेवटी पाइप रबर पॅडच्या स्टँडवर घेतला आणि खाली तेलासाठी ट्रे ठेवला. भांडणात दोन पावसाळे गेले, तोवर वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांनी फार सोसलं.

सोसायटीची सेक्रेटरी :
खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट आहे की गच्चीतून पावसाचं पाणी गळून टॉप फ्लोअरचं सीलिंग आणि प्लास्टर खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची. बऱ्याच मेंबरना हे माहीत नसतं आणि ते वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून करतात. पण मेंबरने परवानगीशिवाय स्लॅबला भोक पाडलं असेल तर वाद होतोच. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत ठराव केलाय, डक्ट स्लॅबमधून न्यायचा नाही, बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या वरच्या काचेच्या जागेतून काढायचा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा म्हणजे पाणी उलटं आत येत नाही. सोलरवाल्यांनाही सांगितलंय की गच्चीत ड्रिल नाही, काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्टँड. माझं ठाम मत आहे, स्लॅबला न पाडलेलं भोक सगळ्यात चांगलं.

बेलापूर :
आर्टिस्ट व्हिलेजला राहतो, चार्ल्स कोरियांनी आखलेली वसाहत. आमचं छप्पर अजून उतरत्या कौलांचंच आहे. डक्ट वळचणीखाली भिंतीतून काढलाय, कौलांना हात लावला नाही, काही त्रास नाही.

दिव्यातून :
काका-ताई, हा धागा जुलैत वाचणाऱ्या लोकांसाठी काहीतरी सांगा ना. मागच्या वर्षी भर पावसात गळायला लागलं, मिस्त्री म्हणाला आता काही होत नाही.

साइटवाला :
मिस्त्री खरं बोलला, ओल्या स्लॅबवर बहुतेक कोट धरत नाहीत, त्या दिवसांत पैसे घालवू नका. आधी गच्चीवरची पाणी जायची जाळी साफ करा, साचलेलं पाणी काढा, बरीच गळती त्यानेच कमी होते. मग डक्टला ताडपत्री गुंडाळून वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबने घट्ट आवळा आणि खाली तंबूसारखी पसरून विटा ठेवा, काउलचं तोंड मोकळं राहू द्या, ते बंद करून चिमणी चालवू नका. खाली सीलिंगच्या दिव्यात किंवा पॉइंटमध्ये पाणी उतरत असेल तर त्या सर्किटचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय चालू करू नका. पक्कं काम दिवाळीनंतर, स्लॅब पूर्ण सुकल्यावर, आणि मिस्त्री आत्ताच सांगून ठेवा कारण मेमध्ये ते कोणालाच मिळत नाहीत.